ओटीटीच्या जमान्यात जुन्या कार्टून चित्रपटांच्या ब्लू-रे डिस्क का जमवल्या जातात?

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'मॅक्स' या ओटीटी अ‍ॅपवरून लूनी ट्यून्सची जुनी कार्टून काढून टाकली गेली. १९३० ते १९६९ या काळात बनलेला बग्ज बनी, डॅफी डक आणि पोर्की पिग यांचा हा खजिना होता. विशेष म्हणजे अ‍ॅपही वॉर्नर ब्रदर्सचं आणि कार्टूनही वॉर्नर ब्रदर्सचीच. दुसऱ्या कुणाशी केलेला करार संपला, हक्क परत गेले, असंही काही नव्हतं. अ‍ॅपवर काय ठेवायचं हे कंपनी ठरवते आणि कंपनीने ठरवलं. काही महिन्यांनी ही कार्टून 'टुबी' नावाच्या दुसऱ्याच अ‍ॅपवर आली. मधल्या काळात महिन्याचे पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाच्या हातात काहीच नव्हतं.

ज्यांच्या कपाटात या कार्टूनच्या डिस्क होत्या, त्यांना मात्र काही फरक पडला नाही.

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्या, घरात फायबरचं इंटरनेट, भिंतीवर फोर-के टीव्ही आणि चार-पाच ओटीटींची वर्गणी असलेल्या माणसाला डिस्क ही अडगळ वाटणं साहजिक आहे. नव्या लॅपटॉपमधून डिस्कचा कप्पा जाऊनही बरीच वर्षं झाली. तरीही जगभरात जुन्या अ‍ॅनिमेशनपटांच्या डिस्क शोधून, प्रसंगी परदेशातून मागवून जमवणारे लोक आहेत. लहानपणीच्या आठवणी हे त्याचं एक कारण. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: अ‍ॅनिमेशनपटाची नेमकी कोणती आवृत्ती आपल्यापर्यंत पोहोचते, हा प्रश्न.

हे प्रकरण नेमकं काय आहे आणि पुण्यात बसून हा छंद करायचा तर काय माहिती हवी, ते समजून घेऊया.

ब्लू-रे म्हणजे नेमकं काय?

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे दिसायला सारख्याच. तिन्हींचा व्यास १२ सेंटिमीटर. फरक आहे तो डिस्क वाचणाऱ्या लेझरमध्ये. सीडीसाठी ७८० नॅनोमीटर लहरलांबीचा लेझर वापरतात, डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ब्लू-रेसाठी ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा. लहरलांबी जितकी कमी, तितके डिस्कवरचे ठिपके बारीक करता येतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते.

डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी माहिती बसते. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी आणि दोन थरांत ५०. पुढे आलेल्या फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कमध्ये हे प्रमाण १०० जीबीपर्यंत जातं. चित्राच्या भाषेत सांगायचं तर भारतातली डीव्हीडी ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं चित्र दाखवते, ब्लू-रे १९२० गुणिले १०८० आणि फोर-के डिस्क ३८४० गुणिले २१६०.

ब्लू-रे २००६ मध्ये बाजारात आली. त्याच वेळी तोशिबाची 'एचडी डीव्हीडी' ही स्पर्धक डिस्कही होती. फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली आणि ब्लू-रे एकटी उरली.

ओटीटीवरही फोर-के दिसतं, मग फरक काय?

फरक प्रति सेकंद किती माहिती टीव्हीपर्यंत पोहोचते, यात आहे. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेगाच्या इंटरनेटची शिफारस करतं. ब्लू-रेवर नुसत्या चित्रासाठी ४० एमबीपीएसपर्यंत जागा असते. ओटीटी कंपन्या चित्र दाबून लहान करण्याच्या नव्या पद्धती वापरतात, त्यामुळे ही तुलना आकड्याला आकडा लावून करता येत नाही. पण ओटीटीवर जास्त माहिती गाळली जाते, हे खरं.

कार्टूनमध्ये ही गाळणी लवकर डोळ्यात भरते. चेहरा, झाडं, रस्ता असं प्रत्यक्ष चित्रण असेल तर बारीकसारीक तपशिलांच्या गर्दीत चुका लपून जातात. कार्टूनमध्ये मात्र सपाट रंगाचे मोठे भाग असतात. संध्याकाळचं आकाश केशरीपासून जांभळ्यापर्यंत हळूहळू बदलत जातं. माहिती कमी पडली की त्या आकाशात पायऱ्या पडल्यासारखे पट्टे दिसतात. काळ्या रेषेभोवती धूसर डाग उमटतात. आणि कार्टून म्हणजे मुळात रेषाच असल्यामुळे नजर नेमकी तिथेच जाते.

एक फ्रेम, तीन फोटो

जुन्या अ‍ॅनिमेशनपटांचं चित्र आजही इतकं स्वच्छ कसं निघतं, याचं उत्तर ते ज्या पद्धतीने चित्रित झाले त्यात आहे.

डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. त्यातली पात्रं आधी कागदावर पेन्सिलने काढली गेली. मग पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर शाईने गिरवून मागच्या बाजूने रंगवली गेली. तो पत्रा रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवून कॅमेऱ्याने टिपायचा.

इथे एक युक्ती होती. चित्र जागचं हलत नसल्यामुळे एकाच चित्राचे लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरमधून लागोपाठ तीन फोटो काढता यायचे आणि तेही कृष्णधवल फिल्मवर. सिनेमाच्या एका सेकंदाला २४ फ्रेम लागतात, म्हणजे मूळ निगेटिव्हवर ७२. नंतर हे तीन फोटो एकत्र करून रंगीत प्रत तयार व्हायची.

रंगीत फिल्मचे रंग काळाबरोबर उडतात. कृष्णधवल निगेटिव्हमध्ये रंगच नसल्यामुळे उडायला काही नसतं. त्यामुळे त्या वेळचं निगेटिव्ह नीट सांभाळलेलं असेल, तर इतक्या वर्षांनंतरही मूळ रंग पुन्हा उभे करता येतात. १९९३ मध्ये 'स्नो व्हाइट' संपूर्णपणे संगणकात स्कॅन करून, दुरुस्त करून पुन्हा फिल्मवर उतरवला गेला. असं काम झालेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट.

साफसफाईत रेषाच गेल्या

पण स्कॅन केलं म्हणजे काम झालं, असं नसतं. पुढची साफसफाई बिघडवूही शकते.

फिल्मवर बारीक रवाळ कण असतात. डिजिटल साफसफाई करताना संगणकाला हे कण काढून टाकायला सांगता येतं. अडचण अशी, की संगणकाला कण कुठला आणि पेन्सिलीची नाजूक रेघ कुठली हे प्रत्येक वेळी कळत नाही. १९५० च्या 'सिंड्रेला'ची २०१२ मध्ये आलेली ब्लू-रे याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. चित्र आरशासारखं गुळगुळीत झालं, पण केसांच्या आणि कपड्यांच्या चुण्यांच्या बारीक रेषा पुसल्या गेल्या, अशी टीका तिच्यावर झाली. 'द सोर्ड इन द स्टोन'च्या २०१३ च्या ब्लू-रेबद्दल हीच तक्रार होती.

मग 'सिंड्रेला'वर पुन्हा काम झालं. एरिक गोल्डबर्ग आणि मायकल जायमो या डिस्नेच्याच अनुभवी कलाकारांची नजर या कामावर होती. नवी फोर-के आवृत्ती फेब्रुवारी २०२३ मध्ये बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. या आवृत्तीत रेषा आणि फिल्मचा मूळ रवाळपणा परत आला.

म्हणजे 'सिंड्रेलाची ब्लू-रे आहे' एवढी माहिती पुरेशी नाही. कोणत्या वर्षाची, हा पुढचा प्रश्न. संग्रह करणारे लोक वेष्टनावरचं वर्ष इतकं बारकाईने का बघतात, ते यावरून लक्षात येईल.

एकच चित्रपट, पण कोणता?

काही वेळा बदल मुद्दाम केले जातात. 'द लायन किंग' १९९४ मध्ये आला. २००२ मध्ये तो आयमॅक्सच्या मोठ्या पडद्यासाठी पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा काही दृश्यं नव्याने काढली गेली. लहानग्या सिंबाच्या गाण्यातल्या मगरी त्यातल्याच. पुढे घरगुती डिस्कवर याच बदललेल्या मगरी आल्या. 'अलादीन'च्या पहिल्याच गाण्यातली एक ओळ अरब-अमेरिकी संघटनेच्या आक्षेपानंतर १९९३ च्या व्हिडिओ कॅसेटसाठी बदलली गेली. चित्रपटगृहात १९९२ मध्ये ऐकलेली ओळ नंतर घरी ऐकायला मिळाली नाही.

'फँटेशिया'ची गोष्ट आणखी वेगळी. १९४० च्या या चित्रपटात एका कृष्णवर्णीय पात्राचं अपमानास्पद चित्रण होतं. १९६० च्या दशकात ते काढलं गेलं आणि नंतरच्या आवृत्त्यांमध्येही ते नाही. शिवाय २००० सालच्या डीव्हीडीसाठी मूळ लांबीची आवृत्ती उभी करताना निवेदक डीम्स टेलर यांचा काही भागांचा मूळ आवाजच वापरण्याजोगा उरला नव्हता. शेवटी त्यांचं सगळं निवेदन कोरी बर्टन या दुसऱ्या कलाकाराकडून नव्याने बोलून घ्यावं लागलं.

'टॉम अँड जेरी'चंही असंच. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी १९४० ते १९५८ मध्ये याचे ११४ भाग केले. २०११ मध्ये ब्लू-रेचा पहिला संच आला. दुसरा २०१३ मध्ये यायचा होता. पण त्यातून वर्णद्वेषी विनोद असलेले दोन भाग वगळले जाणार, हे कळल्यावर संग्राहकांनी ओरड केली आणि तो संच रद्द झाला. सगळे भाग एकत्र असलेला संच यायला २०२५ साल उजाडलं.

आता कुणी म्हणेल, वर्णद्वेषी भाग गेले तर बरंच झालं. लहान मुलांना काय दाखवावं, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या काळात लोक कशावर हसत होते, हे अभ्यासायचं असेल तर मूळ प्रत कुठेतरी हवी. अनेक जुन्या संचांवर सुरुवातीलाच तशी सूचना दिलेली असते: हे चित्रण तेव्हाही चुकीचं होतं आणि आजही आहे, पण ते झालंच नाही असं दाखवणं बरोबर ठरणार नाही, अशा आशयाची.

डिस्कवर असलेली प्रत मूळच असते, असंही नाही, हे वरच्या उदाहरणांवरून दिसतंच. पण डिस्कवर जे आहे ते उद्या परस्पर बदलत नाही. ओटीटीवरची फाइल रात्रीत बदलली, तर प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही.

आपल्या आवाजांचं काय?

भारतीय प्रेक्षकासाठी यात एक वेगळाच मुद्दा आहे: डबिंगचा.

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनसमोर बसलेल्या पिढीला 'जंगल बुक' आठवत असेल. मूळ मालिका जपानी, १९८९ ची. हिंदीत ती १९९३ मध्ये आली. तिचं शीर्षकगीत गुलजार यांनी लिहिलं, संगीत विशाल भारद्वाज यांचं आणि शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा. हे गीत आणि हे आवाज खास भारतासाठी तयार झाले होते. परदेशातल्या कंपनीने आपल्या बाजारासाठी डिस्क काढली, तर त्यात ते टाकण्याचं तिला काही कारण नाही.

'रामायण: द लेजेंड ऑफ प्रिन्स रामा' या चित्रपटाचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. जपानचे युगो साको, कोइची सासाकी आणि भारताचे राम मोहन यांनी मिळून तो दिग्दर्शित केला. राम मोहन हे मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले, भारतीय अ‍ॅनिमेशनमधलं ज्येष्ठ नाव. चित्रपट १९९२ मध्ये पूर्ण झाला, पण तेव्हा भारतात त्याचं मोठं प्रदर्शन झालंच नाही. तो लोकांपर्यंत पोहोचला टीव्हीमुळे. त्याच्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा, रावणाला अमरीश पुरी यांचा आणि निवेदनाला शत्रुघ्न सिन्हा यांचा आवाज होता.

२४ जानेवारी २०२५ रोजी हा चित्रपट फोर-के रूपात भारतातल्या चित्रपटगृहांत आला. चित्र कधी नव्हे इतकं सुंदर झालं होतं. हिंदी डबिंग मात्र नव्याने केलेलं होतं, आवाज वेगळे होते. ज्यांच्या मनातला रावण अमरीश पुरींच्या आवाजात बोलतो, त्यांच्यासाठी चित्रपट परत आला आणि अर्धा हरवलासुद्धा.

आपल्याकडच्या नव्या अ‍ॅनिमेशनपटांची वाटही सोपी नाही. मुंबई आयआयटीच्या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांचा 'गोपी गवैया बाघा बजैया' २०१३ मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला. भारतातल्या चित्रपटगृहात यायला त्याला २०१९ पर्यंत थांबावं लागलं. २०१२ चा 'दिल्ली सफारी' तर पुण्यात, क्रेयॉन पिक्चर्स या स्टुडिओत घडला. त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. अशा चित्रपटांची चांगली प्रत, मूळ आवाजासह, सामान्य प्रेक्षकाच्या हातात राहणार कशी, याचं उत्तर आज तरी बाजाराकडे नाही.

लॉ कॉलेज रस्त्यावरचा धडा

प्रत हरवली की चित्रपट हरवतो, हे पुण्याइतकं दुसऱ्या शहराला क्वचितच कळलं असेल. हिंजवडीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर, लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ मध्ये सुरू झालं. त्याला आकार दिला पी. के. नायर यांनी. गावोगाव फिरून, निर्मात्यांच्या घरी आणि गोदामांत जाऊन त्यांनी रिळं गोळा केली. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं अशी दोनच आज आपल्याकडे आहेत.

फाळक्यांनी अ‍ॅनिमेशनही केलं होतं. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या एकेक करून हलवत, प्रत्येक वेळी एक फ्रेम टिपत 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट बनवला. भारतीय अ‍ॅनिमेशनची सुरुवात इथून मानली जाते. पण तो आज पाहता येत नाही, कारण त्याची प्रत उरलेली नाही.

जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागली. तिथे जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं ठेवलेली होती. नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते आणि पेटली की विझवणं जवळपास अशक्य असतं. या आगीत मूक आणि सुरुवातीच्या बोलपटांचा मोठा ठेवा गेला.

घरातली ब्लू-रे डिस्क ही संग्रहालयातल्या निगेटिव्हची जागा घेऊ शकत नाही. डिस्कवरचं चित्र दाबून लहान केलेलं असतं. तिच्यावरून नवं रिस्टोरेशन करता येत नाही. पण नायर यांच्या कामातून दिसणारं तत्त्व तिथेही लागू पडतं: प्रती जितक्या जास्त आणि जितक्या वेगवेगळ्या ठिकाणी, तितकी वाचण्याची शक्यता जास्त.

हिंजवडीतून डिस्क मागवायची तर?

एके काळी भारतात डिस्क मिळणं सोपं होतं. मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली आणि पायरसीलाही घाम फोडला. हीच कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. गल्लीतल्या सीडी लायब्रऱ्या त्याआधीच बंद झाल्या होत्या. आज जुन्या अ‍ॅनिमेशनपटाची चांगली ब्लू-रे हवी असेल तर बहुतेक वेळा परदेशातून किंवा जुन्या मालाच्या बाजारातून घ्यावी लागते. त्याआधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट, रीजन. ब्लू-रेसाठी जगाचे तीन भाग केले आहेत. 'ए' मध्ये अमेरिका, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया येतात. 'बी' मध्ये युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. भारत, चीन आणि रशिया 'सी' मध्ये. 'ए' चं कुलूप असलेली अमेरिकी डिस्क भारतात विकल्या गेलेल्या प्लेअरवर चालत नाही. दिलासा असा, की बऱ्याच डिस्कवर असं कुलूप नसतं. पाठीमागे ए, बी, सी तिन्ही अक्षरं आहेत का, ते पाहावं. फोर-के अल्ट्रा एचडी डिस्कला रीजनच नसतो, पण त्याच खोक्यात सोबत दिलेल्या साध्या ब्लू-रेला असू शकतो.

दुसरी गोष्ट, प्लेअर. अनेक घरांत तो आधीच असतो, फक्त लक्षात आलेलं नसतं. प्लेस्टेशन ३ आणि ४ वर ब्लू-रे चालते. डिस्कचा कप्पा असलेला प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स फोर-के डिस्कही चालवतात. मात्र रीजनचं बंधन त्यांनाही आहे.

तिसरी गोष्ट, जुन्या डीव्हीडींचा वेग. भारत आणि युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडी सेकंदाला २५ फ्रेम दाखवतात, तर चित्रपट असतो २४ फ्रेमचा. त्यामुळे चित्रपट चार टक्के वेगाने पळतो. शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि सुधारणा केली नसेल तर गाणीही थोड्या वरच्या पट्टीत ऐकू येतात. ब्लू-रेवर चित्रपट २४ फ्रेमनेच चालतो. संगीतावर उभ्या असलेल्या अ‍ॅनिमेशनपटात हा फरक जाणकार कानाला लगेच कळतो.

चौथी गोष्ट, एकूण खर्च. डिस्कच्या किमतीवर टपालखर्च आणि आयात शुल्क चढतं. स्वस्त दिसणारी डिस्क दारात येईपर्यंत दुप्पट महाग होऊ शकते. मागवण्याआधी भाषा आणि सबटायटल्सची यादीही वाचावी. परदेशी डिस्कवर हिंदी आवाज असेलच, असं गृहीत धरू नये.

डिस्क कायम टिकते का?

नाही. २०२५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सनेच मान्य केलं, की २००६ ते २००८ या काळात तयार झालेल्या त्यांच्या काही डीव्हीडी आतून खराब होत आहेत. नीट सांभाळलेल्या डिस्कसुद्धा मध्येच अडकू लागल्या होत्या. कारण डिस्क बनवतानाच्या दोषात होतं.

ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, डीव्हीडीत ०.६ मिलिमीटर. त्यामुळे ब्लू-रेवर ओरखड्यांपासून वाचवणारं कडक आवरण दिलेलं असतं. तरी काळजी हवीच. डिस्क उभ्या ठेवाव्यात. ऊन आणि ओल टाळावी. पावसाळ्यात भिंतीला ओल धरत असेल तर कपाट त्या भिंतीपासून दूर ठेवावं आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावं, गोल गोल नाही. आणि वर्षातून एकदा तरी डिस्क लावून बघावी. न बघता ठेवलेला संग्रह शाबूत आहे की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

बाजार आटतोय, मग आत्ता सुरुवात करावी का?

चित्र फारसं आशादायक नाही. ओप्पोने २०१८ मध्ये ब्लू-रे प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारात नवे प्लेअर आणणं बंद केलं आणि २०२४ च्या अखेरीस एलजीनेही हात आखडता घेतला. डिस्नेने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात डिस्क विकणं बंद केलं आणि २०२४ मध्ये अमेरिकेतलं डिस्कचं काम सोनीकडे सोपवलं. त्याच वेळी वॉर्नरसारख्या कंपन्या संग्राहकांसाठी जुन्या कार्टूनचे संच काढत आहेत. म्हणजे ही वस्तू सर्वसामान्यांच्या दुकानातून बाहेर पडून हौशी लोकांच्या बाजारात गेली आहे. विनाइलच्या तबकड्यांचं आधी असंच झालं होतं.

दुसरीकडे, 'विकत घ्या' या शब्दाचा अर्थ कायद्यालाही तपासावा लागला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०२५ पासून नियम आहे, की डिजिटल चित्रपट किंवा गेम विकताना ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळतोय, मालकी नाही, हे स्पष्ट सांगावं लागेल.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि दर दोन-तीन वर्षांनी सामान हलवणाऱ्या माणसाने पाचशे डिस्क घ्याव्यात, असं कुणी म्हणणार नाही. बहुतेक चित्रपट एकदा बघून सोडण्यासारखे असतात आणि त्यासाठी ओटीटी उत्तम आहे. डिस्क घ्यायची ती दहा-वीस चित्रपटांची, जे पुन्हा पुन्हा बघावेसे वाटतात, घरातल्या मुलांना दाखवायचे आहेत आणि ज्यांची नेमकी तीच आवृत्ती हवी आहे.

आणि एक काम नवी डिस्क न मागवताही करता येतं. आईवडिलांच्या घरी माळ्यावर जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींची पिशवी असेल, तर ती रद्दीत देण्याआधी एकदा उघडून बघावी. चित्र कदाचित धूसर असेल. पण एखाद्या कार्टूनचा जुना हिंदी आवाज, जो आज कुठल्याही अ‍ॅपवर नाही, तो त्या पिशवीत असू शकतो.